दाराच्या चौकटीवरचा आकडा

पहाटे ५.३०

ऑक्टोबरातला शनिवार. बाहेर पावसाची भुरभुर चालू आहे आणि मला ती हवीच होती. माझं काम ट्रेलर तपासायचं. विकायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, फक्त तपासायचं. ज्यांना पहिलावहिला ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा असतो ते मला पैसे देऊन सोबत नेतात. मी छपरापासून चाकापर्यंत बघते आणि लेखी कळवते की घ्या, सोडा किंवा अमुक करून देत असतील तर घ्या. छपराचं खरंखोटं पावसात आपोआप बाहेर येतं. कोरड्या दिवशी तेच शोधायला मीटर घेऊन भिंती चाचपत बसावं लागतं.

राहते एल्कहार्टला, म्हणजे इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला. मिशिगनची हद्द इथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. अमेरिकेच्या रस्त्यांवर मोटारींमागून ओढत नेलेली जी घरं दिसतात, त्यांतली बहुतेक याच भागात बनतात. आठवड्याच्या दिवशी या वेळेला आमच्या रस्त्यावर व्हॅनची रांग असते. कारखान्यांत काम करणारे आमिश, म्हणजे जुन्या चालीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक, स्वतः मोटार चालवत नाहीत, त्यामुळे कारखान्यात जायला भाड्याच्या व्हॅन. पाळी पहाटेच सुरू होते आणि मजुरी बऱ्याच ठिकाणी नगावर. जितके ट्रेलर लाइनीवरून उतरले तितके पैसे, आणि दुपारी दोनच्या सुमाराला सगळे घरी. अशाच एका कारखान्यात मी काही वर्षं क्वालिटीत होते. कामगार वाईट नव्हते, त्यांतले कित्येक तर पिढीजात सुतार. पण नगावर मजुरी म्हटली की हात पळतो. मग कुठेतरी स्क्रू अर्धाच बसतो, सीलंटची रेघ एखाद्या कोपऱ्यात तुटते. त्या तुटलेल्या रेघेवर आज माझं पोट चालतं.

सकाळी ६.१५

चहा, दोन टोस्ट आणि पिशवी भरणं. ओलावा मोजायचा मीटर, मल्टिमीटर, गॅसचा दाब बघायचं यंत्र, टॉर्क रेंच, टेप, बॅटरी, गुडघ्यांना बांधायचे पॅड. शिडी गाडीच्या टपावर कायमची बांधलेली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पावसात शिडी चढते म्हणून नवरा रोज बोलतो आणि रोज शिडी धरायला म्हणून काही येत नाही.

सकाळी ७.००

निरोप वाचले. आज मुख्य काम नेपरव्हिलहून, म्हणजे शिकागोच्या उपनगरातून येणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं. नवरा-बायको, दोन मुलं, आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एका मोठ्या ट्रेलरचे फोटो पाठवले होते. त्यात शेकोटीचं इलेक्ट्रिक चित्र, बाहेर उघडणारं स्वयंपाकघर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘नऊ जण झोपू शकतात’. मी उलट फोटो मागितला तो त्यांच्या मोटारीच्या दाराचा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेची माहिती असलेलं लहानसं लेबल असतं आणि त्यावर एक ओळ: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. पहिला ट्रेलर निवडायचा तो त्या ओळीपासून. लोक मात्र शेकोटीपासून सुरू करतात.

फोटो अजून आलेला नाही.

सकाळी ७.४५

त्याआधी गोशेन गावात एक छोटं काम. फोर्ट वेनच्या एका जोडप्याला घरगुती विक्रीतला ट्रेलर आवडलाय आणि ते स्वतः येणार नाहीत. २०१९ चं मॉडेल, आतून लख्ख. टायरची नक्षी तर जवळजवळ कोरी, आणि मालक तेच कौतुकाने दाखवत होते. मी वाकून टायरच्या कडेचे अंक वाचले. शेवटचे चार अंक ३२१८, म्हणजे २०१८ सालातल्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कशीही असो, बदलायचा. एवढ्यावर मी कुणाचा सौदा मोडत नाही, कारण टायर विकत मिळतात. पण पुढच्या भिंतीवर तिरका प्रकाश टाकला तर फायबरग्लासला ताटलीएवढा फुगा दिसला, आणि दाराजवळची जमीन पावलाखाली दबली. पाणी आत शिरून प्लायवूड सुटायला लागलंय. ‘सोडा’ असं गाडीत बसूनच कळवून टाकलं. पाऊण तासात संपलेलं काम.

सकाळी ९.००

डीलरच्या आवारात पोहोचले. नेपरव्हिलकरांचा पत्ता नाही. मग लक्षात आलं की नऊ त्यांचे आहेत. शिकागोचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे. टोल रोडवर अर्ध्या वाटेत वेळ बदलते आणि कुणालाच ते आठवत नाही.

तो तास मी आवारात फिरण्यात घालवला. ट्रेलरांच्या रांगाच रांगा, त्यांतले बरेच वापरलेले. त्याचं कारण २०२१ सालात आहे. करोनाच्या काळात विमानं नकोत, हॉटेलं नकोत म्हणून जो तो ट्रेलर घेत सुटला. त्या वर्षी या धंद्याने डीलरांकडे ६ लाखांवर वाहनं पाठवली, तेवढी आधी कधीच गेली नव्हती. २०२३ मध्ये हाच आकडा सव्वातीन लाखांच्या आत आला. त्या लाटेत घेतलेले कितीतरी ट्रेलर दोन-चार उन्हाळे वापरून आता परत बाजारात आलेत. पहिला ट्रेलर वापरलेलाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. नव्याचा भाव आवाराबाहेर पडताच उतरतो, आणि पहिल्या दोन वर्षांतल्या बारीकसारीक दुरुस्त्या आधीच्या मालकाने करून घेतलेल्या असतात. तो २०२१-२२ चा माल मात्र घाईघाईत बनलेला. म्हणून तो घ्यावा, पण बघून घ्यावा.

सकाळी १०.०५

मंडळी आली. जपानी कंपनीची तीन रांगांची एसयूव्ही, ओढायची क्षमता ५,००० पौंड. उतरताच त्यांनी तेच सांगितलं. “ताई, पाच हजार ओढते. तो ट्रेलर चार हजार सातशे पन्नासचा आहे. म्हणजे बसतो.”

विक्रेताही शेजारी उभा राहून मान हलवत होता. तरुण पोरगा, वागायला चांगला, आणि खोटंही काही बोलत नव्हता. दोन्ही आकडे खरे होते. त्यांची जोडी चुकीची होती.

४,७५० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात भांडी नाहीत, गाद्या-पांघरुणं नाहीत, पाणी नाही, बहुतेक वेळा बॅटरीसुद्धा नाही. कुटुंब चढलं की त्यात आठशे-हजार पौंड सहज पडतात. म्हणून रिकामं वजन वाचायचंच नाही. ट्रेलरवर आणखी एक आकडा छापलेला असतो, भरून जास्तीत जास्त किती. इथे तो ६,३०० होता.

मोटारीच्या ५,००० मध्येही मेख आहे. ही क्षमता ठरवायची एक प्रमाणित पद्धत आहे. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेची, जे-२८०७ नावाची. त्यात एरिझोनातला डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ भर उन्हात, एसी चालू ठेवून, ठरलेल्या वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. परीक्षा कडक आहे. पण गाडीत माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. यांच्या गाडीत पाच, आणि मागे सायकली.

दार उघडून लेबल वाचलं: १,३५० पौंड, म्हणजे सुमारे ६१२ किलो. मी बॉनेटवर कागद ठेवला आणि म्हटलं, आता वजनं सांगा. इथे नेहमी घोळ होतो. नवऱ्याने स्वतःचं १६५ सांगितलं. बायकोने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने १८० केलं. तिने तिचं माझ्या कानात सांगितलं. आजी म्हणाल्या, “मला किलोत ठाऊक आहे, आणि तेही मागच्या दिवाळीचं.” सगळं मिळून ५९५ झालं. कूलर, खुर्च्या, सायकली, मुलांचे बूट यांचे १५०. उरले ६०५. वजन पुढच्या चाकांवर वाटून देणारी हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांचा जोड, लागते. गाडीच्या कंपनीने ती चालते असं म्हटलं असलं तरच लावायची, आणि तिचं स्वतःचं वजन ९० च्या घरात. उरले ५१५. शिवाय गाडीखालच्या हिचवर छापलेली मर्यादा ५००.

हे ५०० म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा गाडीच्या पाठीवर येणारा भार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे यावा लागतो. त्याहून कमी असला तर हमरस्त्यावर मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर डोलायला लागतो, आणि ते डोलणं वाढत गेलं की गाडीलाही घेऊन जातं. मी १३ धरते. ५०० ला १३ टक्क्यांनी भागलं की ३,८०० च्या आसपास येतात.

म्हणजे पाच हजार ओढणारी गाडी या कुटुंबाला घेऊन ३,८०० ओढते. भरलेला ट्रेलर, सामानासकट.

नवऱ्याचा चेहरा पडला. “मग ट्रक घेऊ का?” माझं म्हणणं असं की ज्याने अजून एक रात्र ट्रेलरमध्ये काढलेली नाही त्याने ट्रेलरसाठी ट्रक घेऊ नये. शिवाय भारी सजावटीच्या पिकअपच्या दारावरचा आकडाही कधी कधी या एसयूव्हीपेक्षा फार वर नसतो. हे ऐकून विक्रेता हसला, कारण त्याला ते माहीत होतं.

सकाळी ११.१५

तरीही मी त्यांना मोठ्या ट्रेलरमध्ये नेलं. न बघता सोडला तर तो आयुष्यभर मनात राहतो. मॉडेलच्या नावात २६ आहे, म्हणून ते सव्वीस फूट समजत होते. मी टेप धरला: नाकापासून मागच्या बंपरपर्यंत तीस फुटांच्या वर. राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये कितीतरी जागा याहून आखूड आहेत. त्या आखल्या तेव्हा एवढाले ट्रेलर नव्हतेच.

ट्रेलर बघायची माझी पद्धत विक्रेत्यांना आवडत नाही. मी सगळ्यांना आत बसवते, दार लावते आणि वीस मिनिटं बाहेर पडू देत नाही. कॅम्पिंगला पाऊस पडतो. मिशिगनमध्ये तर पडतोच. तेव्हा पाच माणसं या डब्यात काय करणार, ते आजच कळलेलं बरं. झोपून बघायचं, उठून बाथरूमला जाऊन यायचं, जेवायच्या टेबलाशी सगळ्यांनी बसायचं.

वीस मिनिटांत बरंच बाहेर आलं. नवरा पलंगावर आडवा झाला तर पाय बाहेर, कारण ट्रेलरमधला ‘क्वीन’ बहुधा ७४-७५ इंचांचा असतो, घरातल्या ८० चा नसतो. मोठ्या मुलीने वरचा बंक पकडला आणि लगेच डोकं आपटलं. मग मी विक्रेत्याला भिंतीची सरकती खोली, म्हणजे स्लाइड-आउट, आत घ्यायला सांगितली. मोटर गुरगुरली, सोफा पुढे सरकत आला आणि फ्रिजच्या दाराला टेकला. बाथरूमची वाट बंद. वाटेत टोल रोडवर थांबून मुलाला बाथरूमला न्यायचं झालं तर आधी आख्खी खोली बाहेर ढकलायला लागणार, तीही ट्रकांच्या पार्किंगमध्ये. बायको म्हणाली, “हे कुणी सांगितलंच नव्हतं.” कुणी सांगत नाही. डीलरच्या आवारात सगळ्या खोल्या उघडलेल्याच असतात.

‘नऊ जण’ कसे ते आजींनी मोजलं. पलंगावर दोन, सोफ्यावर दोन, टेबल पाडून दोन, बंकवर दोन आणि एक कुठे ते सापडेना. “लग्नघरात झोपतात तसे,” त्या म्हणाल्या.

आजींचे प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मुद्द्याचे होते. पाणी कुठून येतं? जातं कुठे? मी त्यांना तिन्ही टाक्या समजावल्या. स्वच्छ पाण्याची एक, सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची दुसरी, संडासाची तिसरी. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की तांब्या चालेल का. चालेल काय, उत्तम! संडासाच्या टाकीचं वाटोळं होतं ते कागद जास्त आणि पाणी कमी पडल्याने. आपल्या पद्धतीत पाणी भरपूर, त्यामुळे आपल्या लोकांच्या टाक्या सहसा तुंबत नाहीत. फक्त नळजोडणी नसलेल्या कॅम्पग्राउंडवर स्वच्छ पाणी जपायचं आणि टाकी लवकर भरते हे धरून चालायचं. बादलीत पाणी घेऊन अंघोळ करणारा माणूस तर ट्रेलरमध्ये सगळ्यात शहाणा. सहा गॅलनच्या गरम पाण्यात शॉवरवाल्या एकाचं कसंबसं होतं, बादलीवाल्या तिघांचं होतं.

दुपारी १२.४५

त्यांच्या गाडीच्या मागच्या उघड्या दाराखाली उभ्याने जेवण. आजींनी थालीपीठं आणली होती, सोबत लसणाची चटणी. विक्रेत्यालाही एक दिलं. त्याने चटणीकडे जरा संशयाने बघितलं आणि दुसरं मागून घेतलं.

जेवताना विजेचा विषय निघाला. बायकोचा बेत असा की इंडक्शन शेगडी, इन्स्टंट पॉट, मिक्सर सगळं न्यायचं, म्हणजे गॅसची कटकट नको. छोट्या ट्रेलरची जोडणी ३० अँपिअरची असते. १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॉट, बस्स. एसी एकटा तेरा-चौदा अँपिअर घेतो. १,८०० वॉटची इंडक्शन १५ घेते. त्यात बॅटरी चार्ज होत असते, फ्रिज चालू असतो. कुणी चहासाठी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं की अंधार. ५० अँपिअरच्या मोठ्या ट्रेलरांना हे दुखणं नाही, कारण तिथे दोन तारा असतात आणि १२,००० वॉट मिळतात. पण तो रस्ता आपण सकाळीच बंद केला.

म्हणून स्वयंपाक गॅसवर, आणि फोडणी बाहेर, ओनिंगच्या छताखाली. आत मोहरी तडतडली की छताचा धुराचा अलार्म बोंबलणार. प्रोपेनचा अलार्म वेगळा. तो जमिनीलगत असतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. त्याच्यासमोर पिशव्या रचून ठेवायच्या नाहीत. हे मी मुलांना सांगते. मोठी माणसं ऐकतात आणि विसरतात.

दुपारी २.००

आवाराच्या मागच्या रांगेत, चिखलात, आम्हाला हवा तसा एक उभा होता. २०२२ चा, बावीस फुटांच्या आतला, एका आसाचा. मागे दोन बंक, पुढे पलंग, मधलं टेबल पाडलं की पाचव्याची सोय. रिकामा ३,०५०, भरून जास्तीत जास्त ३,८५०. दारातल्या पिवळ्या लेबलावर सामानाचे ८००. आकडे जुळत होते, पण अगदी काठावर. म्हणून एक अट घातली: प्रवासात पाण्याची टाकी रिकामी. एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांहून जास्त, आणि टाकी २५ गॅलनची. दोनशे पौंड उगाच कशाला ओढायचे? कॅम्पग्राउंडवर पोहोचल्यावर भरायची.

आता माझं खरं काम. शिडी लावून वर गेले. छपराचा पांढरा पडदा धड होता. पावसाचे थेंब त्यावर गोळा होऊन कडेला घरंगळत होते. पण पुढच्या झरोक्याभोवती सीलंटला केसाएवढी चीर होती, बोटाने दाबली तर उघडमीट करणारी. अशी चीर दिसली की लगेच खाली उतरून आतून त्याच जागी बघायचं. छताच्या प्लायवूडवर मीटर ठेवला: १३, चांगलं. भिंतीवरून खाली आणत गेले: १३, १४, १३. पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात, पलंगाची गादी उचलून, एकदम २४. वीसच्या वर गेलं की मी थांबते. बोटाने दाबलं, लाकूड अजून घट्ट होतं. वास नाही, डाग नाही. म्हणजे पाणी नुकतंच यायला लागलंय आणि ते छपरातून येत नसून खिडकीच्या चौकटीतून येतंय. छपराच्या चिरेचा याच्याशी संबंध नाही, ती वेगळी. नवरा शेजारी उकिडवा बसून सगळं बघत होता. मीटर त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडून आणखी चार ठिकाणी लावून घेतला. विकत घेणाऱ्याच्या हातात मीटर दिला की माझं निम्मं बोलणं वाचतं.

बाकीचं भराभर. गॅसची लाइन बंद करून दाब धरतो का बघितलं, धरला. भट्टी पेटली. पाण्याचा पंप पाणी न सोडता मधूनच धडधडला, म्हणजे कुठेतरी बारीक गळती. ती सिंकखालच्या जोडात सापडली आणि हाताने आवळून बंद झाली. ओनिंग उघडली, मिटली. चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासले, एक ढिला होता. टायर २०२१ चे, मूळचे. एका आसाच्या ट्रेलरला दोनच चाकं असतात. फुटलं तर भार घ्यायला शेजारी दुसरं नसतं. म्हणून इथे टायरच्या बाबतीत मी हट्टी आहे: दोन्ही नवे, आणि स्टेपनी त्याच मापाची.

मुलं तोवर बंकमध्ये जाऊन झोपली होती. कंटाळूनच, पण ती माझ्या यादीतली चाचणी होतीच.

दुपारी ४.१५

कार्यालयात. ऑक्टोबर हा खरेदीला चांगला महिना आहे. हंगाम संपतोय, नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून ट्रेलर झोपवायची वेळ आलीये, आणि आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रेलरवर डीलर व्याज भरतोय. हे मी नवरा-बायकोला आधीच मराठीत सांगून ठेवलं. परदेशात घासाघीस करताना आपल्या भाषेची फार सोय होते.

विक्रेत्याने कागद पुढे केला: पंधरा वर्षांचं कर्ज, महिन्याचा हप्ता अगदी गोड दिसणारा. वर वाढीव वॉरंटी, वर टायर संरक्षण, वर कापड संरक्षण. पंधरा वर्षांनी हप्ता चालू असेल आणि ट्रेलर कुठल्यातरी शेतात असेल. पहिल्या ट्रेलरला फारतर चार-पाच वर्षांचं कर्ज, नाहीतर रोख, आणि रोख नसेल तर आणखी लहान ट्रेलर. हे बोलायचं माझं काम नाही, मला पैसे फक्त तपासायचे मिळतात. तरी बोलते.

मग आणखी दोन गोष्टी निघाल्या. त्यांच्या गाडीला मागे चार तारांचा चपटा प्लग आहे. ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकना सात टोकांचा लागतो, आणि ड्रायव्हरच्या हाताशी ब्रेकचा कंट्रोलर. तो बसवल्याशिवाय हा ट्रेलर आवाराबाहेर काढायचाच नाही. आणि दुसरी: ठेवणार कुठे? घराच्या ड्राइव्हवेत, असं नवरा म्हणाला. बायकोने फोनवर त्यांच्या वसाहतीची नियमावली काढली. ट्रेलर उभा करायला बंदी. म्हणजे दरमहा भाड्याची जागा, आणि तिचा खर्च हप्त्याच्या गोड आकड्यात कुठेच नव्हता.

“हा भाव फक्त आज संध्याकाळपर्यंत,” विक्रेता म्हणाला. ते त्याला म्हणावंच लागतं.

संध्याकाळी ५.३०

ते गेले, सही न करता. मी कपडे बदलले, चिखलाचे बूट डिकीत टाकले. निघताना टोल रोडला लागून असलेल्या आरव्ही, म्हणजे अशाच फिरत्या घरांच्या, संग्रहालयावरून गेले. दार बंद झालं होतं, नाहीतर मंडळींना तिथे पाठवणार होते. तिथे १९१३ सालचा एक ट्रेलर आहे, लहानसा, लाकडी, फोर्ड मॉडेल टी मागून ओढायचा. त्या गाडीला जेवढं ओढवत होतं तेवढाच तो बांधलाय.

रात्री ८.००

अहवाल. फोटो, मापं, आणि शेवटी तीन कामं: पुढची खिडकी काढून नव्याने बसवणं आणि दहा दिवसांनी कोपऱ्यात परत मीटर लावणं, झरोक्याभोवतीचं सीलंट, दोन्ही टायर. ही तिन्ही डीलरने स्वतःच्या खर्चाने करायची. मीटर वीसच्या वरच राहिला तर सोडून द्या, असंही लिहिलं. मोठ्या ट्रेलरबद्दल एकच ओळ: तुमच्या गाडीला नको.

नऊच्या सुमाराला फोन आला. बायको बोलत होती, गाडी चालवत होता नवरा. तिला वाटतं आधी भाड्याने घेऊन बघावं. मिशिगनमधल्या वॉरन ड्यून्स स्टेट पार्कमध्ये, तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांपाशी, मेमध्ये दोन रात्री. तिथलं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे पुढच्या महिन्यात नंबर लावायला हवा. भाड्याचे ट्रेलरवाले ट्रेलर जागेवर आणून उभा करून देतात, गाडीला प्लग नसला तरी चालतं. मला हे पटलं. नवऱ्याला मात्र धास्ती की तोवर हा ट्रेलर जाईल, आणि भाव तर आज रात्रीच संपला.

मी म्हटलं, गेला तर जाऊ दे, त्या मापाचे आणखी निघतात. आणि भाव संपत नसतो. मंगळवारपर्यंत त्याच पोराचा फोन तुम्हालाच येईल.

मागच्या सीटवरून आजींचा आवाज आला. “आल्यावर हजार तरी कमी करायला सांगू का?”

“दीड सांगा, आई. टायर वेगळे.”